आखातात कामाला जाताना: आधी कागद, मग मेडिकल, पैसा सगळ्यात शेवटी

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या पट्ट्यातून आयटीआय झालेली पोरं, गवंडी, ड्रायव्हर, वेल्डर दुबई-सौदी-कतारला जायला निघतात, तेव्हा बहुतेकांचा क्रम उलटा असतो. गावातल्या ओळखीच्या माणसाकडे आधी पासपोर्ट जातो, मग 50 हजार ॲडव्हान्स, मग मुंबईत मेडिकल. करारपत्र कधी दिसतं? विमानात बसायच्या आदल्या रात्री, नाहीतर तिथं उतरल्यावर. फसवणुकीच्या बहुतेक प्रकरणांचं मूळ या उलट्या क्रमात असतं. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचा धरू नका.

टप्पा 1: नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट

शाळेचा दाखला, आधार, दहावीचं मार्कशीट आणि बँक पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्याकडे हमखास सापडणाऱ्या चुका अशा:

- आधारवर वडिलांचं नाव नाही, दाखल्यावर आहे.
- नाव दोन ठिकाणी दोन. एकीकडे 'दत्तात्रय', दुसरीकडे 'दत्ता'.
- शाळेत गुरुजींनी 1 जून लिहिलेला आणि आधारवर भलतीच तारीख.

आधी आधार दुरुस्त करा, मग पासपोर्टचा अर्ज भरा. अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. पासपोर्टवर एकच नाव असेल तर संयुक्त अरब अमिरातीत (दुबई वगैरे) व्हिजिट व्हिसावर प्रवेश मिळत नाही. दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आडनावाच्या रकान्यात आडनाव, असं भरा.

36 पानांच्या साध्या पासपोर्टची फी 1,500 रुपये आहे, तत्काळला वर 2,000. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. सांगली आणि सातारा, आपले दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे येतात. पत्ता खरंच राहता तोच द्या. पुण्या-मुंबईत खोली करून राहताय आणि पत्ता गावचा दिलाय, तर पोलिस पडताळणीला माणूस घरी सापडत नाही आणि शेरा उलटा जातो. मग महिना-दोन महिने हेलपाटे.

आता ईसीआरचा, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड'चा शिक्का. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर हा शिक्का येतो. असा पासपोर्ट असलेल्या माणसाला सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया, इराक, जॉर्डन अशा 18 देशांत कामाला जाण्याआधी सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे जाण्याची मंजुरी, घ्यावी लागते. दहावी पास असूनही अर्जाला प्रमाणपत्र जोडलं नाही म्हणून शिक्का बसलेली पोरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. पासपोर्ट पुन्हा काढून तो शिक्का काढता येतो.

शिक्का नसला की सुटलो, असं समजू नका. क्लिअरन्समध्ये निदान करार आणि मालक सरकारी नोंदीत येतात, विमा सक्तीचा होतो. शिक्का नसलेल्यांवर हे बंधन नाही, त्यामुळे त्यांना सगळी तपासणी स्वतः करावी लागते. नर्सचा नियम वेगळा आहे. मिरज-सांगलीच्या रुग्णालयांतून बाहेर जाणाऱ्या नर्सना पासपोर्टवर शिक्का नसला तरी या 18 देशांसाठी क्लिअरन्स लागते. ईसीआर पासपोर्टवर कामाला जाणाऱ्या बाईचं वय किमान 30 लागतं. 'वय वाढवून देतो' म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा.

> तपासा: पासपोर्ट हातात आला की पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून घरच्या दोन माणसांच्या मोबाईलवर पाठवा. मूळ पासपोर्ट घरातच राहू द्या.

टप्पा 2: इथंच तपासणी करून घ्या

आखातासाठीचं अधिकृत मेडिकल नंतर होणारच आहे. पण एकही रुपया कुणाला देण्याआधी सांगली-मिरजेत चार गोष्टी तपासून घ्या: छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी. माणूस 'अनफिट' ठरतो तो बहुतेक यातल्याच एखाद्या गोष्टीवर. पूर्वी टीबी होऊन बरा झालेला असला तरी एक्स-रेवर डाग राहतो आणि त्यावरूनही माणूस नाकारला जातो. हे आधी कळलं तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात. एजंटाला पैसे देऊन बसल्यावर कळलं, तर ते परत मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

टप्पा 3: एजंट खरा आहे का

परदेशी नोकरीसाठी माणसं भरायची तर एमिग्रेशन कायदा 1983 प्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटाला एक नंबर मिळालेला असतो. त्याची सुरुवात 'बी'नं होते, पुढे आकडे आणि मग शहराची अक्षरं, मुंबई असेल तर 'एमयूएम'. हा नंबर जाहिरातीत छापणं बंधनकारक आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातीत फक्त मोबाईल नंबर आणि 'पगार 60 हजार, राहणं-खाणं फ्री' एवढंच असेल, तर तिथंच थांबा.

नंबर मिळाल्यावर:

1. सरकारचं ई-मायग्रेट पोर्टल उघडा (ई-मायग्रेट डॉट गव्ह डॉट इन). एजंटांच्या यादीत तो नंबर टाका.
2. नाव, पत्ता आणि नोंदणीची स्थिती बघा. 'सक्रिय' असली पाहिजे. मुदत संपलेली, निलंबित किंवा रद्द असेल तर तो नंबर कामाचा नाही.
3. पोर्टलवर दिलेल्या फोनवर स्वतः फोन करा, एजंटानं दिलेल्या नंबरवर नको. तुमच्याशी बोलणारा माणूस त्यांचाच आहे का आणि ही भरती खरंच सुरू आहे का, हे विचारा.
4. त्याच पोर्टलवर बेकायदा एजंटांची यादीही असते. तीही चाळा.

तिसरी पायरी लोक सर्रास गाळतात. दुसऱ्या कंपनीचा खरा नंबर आपल्या लेटरहेडवर छापून फिरणारे महाभाग असतात. पोर्टलवर नंबर बरोबर दिसतो आणि माणूस खोटा निघतो. एका फोननं हे उघड होतं.

गावातला 'आपला माणूस', म्हणजे सब-एजंट, याला कायद्यात जागाच नाही. तो पाहुण्यातला असेल, मनानं चांगलाही असेल. पण त्याच्याकडं दिलेल्या पैशाची जबाबदारी कुणाचीच नसते. नोंदणीकृत एजंटानं सरकारकडे बँक गॅरंटी ठेवलेली असते. पाहुण्यांनी काय ठेवलेलं असतं? पाहुण्याला दुखवायचं नसेल तर त्याला एवढंच सांगा: 'दादा, तुम्ही ओळख करून द्या. पैसे मी मुंबईच्या ऑफिसच्या खात्यात भरीन.'

> थांबा: थायलंडमध्ये 'डेटा एन्ट्री' किंवा 'कस्टमर सपोर्ट'ची नोकरी, पगार भरघोस, मुलाखत फोनवर पाच मिनिटांची, असं काही आलं तर जाऊ नका. या नावाखाली बँकॉकला उतरवून पुढे म्यानमार-कंबोडियात ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडलेल्या भारतीयांना सरकारला सोडवून आणावं लागलं आहे.

टप्पा 4: तीन कागद मागा आणि करार वाचा

एजंटाकडून तीन कागद मागा: परदेशी मालकाचं डिमांड लेटर (माणसं हवीत असं पत्र), त्यानं एजंटाला दिलेली पॉवर ऑफ ॲटर्नी (मुखत्यारपत्र) आणि तुमच्या कामाचा करारनामा. तिन्हींवर मालकाचं नाव एकच हवं. डिमांड लेटरमध्ये तुमचं पद आणि पगार असतो. तो करारातल्या पगाराशी जुळवा.

या टप्प्याला निवांत दोन दिवस द्या. करार इंग्रजीत असेल तर तालुक्याच्या वकिलाकडं किंवा कॉलेजच्या प्राध्यापकांकडं बसून ओळ न् ओळ समजून घ्या. अमिरातीच्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर हिंदीतही मिळतं, ते मागून घ्या. काय बघायचं ते असं.

मूळ पगार. 'पगार 1,400' एवढंच ऐकून भुलू नका. त्यातला मूळ किती, भत्ता किती आणि ओव्हरटाइम किती, ते वेगळं लिहिलेलं हवं. पुष्कळदा मूळ 1,000 असतो आणि बाकीचे रोजच्या दोन तास जादा कामाचे असतात. म्हणजे 1,400 मिळतात ते दहा तासांचे. जादा कामाचा दर आणि नोकरी सोडताना मिळणारी रक्कम मूळ पगारावरच ठरते. अमिरातीत पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार ही रक्कम म्हणून मिळते. मूळ पगार कमी दाखवला की हीही कमी होते.

तास. अमिराती आणि सौदीत नेहमीचं काम दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास. करारात 10 किंवा 12 लिहिलं असेल तर जादा तासांचा दर कुठं आहे ते विचारा.

राहणं, जेवण, जाणं-येणं. मालक देणार की त्याबदली पैसे देणार? कतारमध्ये 2021 पासून किमान वेतन 1,000 रियाल आहे. राहणं दिलं नाही तर वर 500 आणि जेवण दिलं नाही तर 300 रियाल द्यावे लागतात. यापेक्षा कमी आकडा असलेला कतारचा करार समोर आला तर सही करू नका.

पद. करारात 'लेबर' आणि तोंडी 'वेल्डर' असं चालत नाही. तिथं जे कागदावर आहे तेच खरं. कुवेतला जाणाऱ्यांनी व्हिसाचा आकडा बघावा: खासगी कंपनीसाठी 18, घरकामासाठी 20. कंपनीत काम म्हणून सांगून 20 नंबरवर पाठवलं, तर कंपनीतलं काम तिथं बेकायदा ठरतं.

ड्रायव्हरांसाठी. तिथलं लायसन्स काढायचा खर्च कुणाचा, नापास झालात तर काय, आणि लायसन्स मिळेपर्यंतच्या महिन्यांत पगार किती, हे लिहून घ्या. आपल्याकडे दहा वर्षं ट्रक हाकलेला माणूसही तिथल्या परीक्षेत दोन-तीनदा नापास होऊ शकतो.

परतीचं तिकीट आणि रजा. किती महिन्यांनी, कुणाच्या खर्चानं.

> तपासा: सही केलेल्या कराराची प्रत लगेच हातात मिळाली का? 'नंतर देतो' म्हटलं तर सही परत घ्यायची तयारी ठेवा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका.

'आझाद व्हिसा' म्हणून जो प्रकार विकला जातो त्याबद्दलही इथंच सांगायला हवं. एकाच्या नावावर व्हिसा आणि काम हवं तिथं करा, असं सांगतात. आखाती देशांत व्हिसावरच्या मालकाशिवाय दुसरीकडं परवानगी न घेता काम करणं बेकायदा आहे. पकडलं गेलात तर दंड, हद्दपारी आणि इथं घेतलेलं कर्ज, सगळं तुमच्याच डोक्यावर.

टप्पा 5: हिशोब

करार पटला की कर्ज काढण्याआधी कागदावर हिशोब मांडा. उदाहरणादाखल:

- पगार 1,200 दिरहॅम, जेवण आपलं
- जेवण 400, मोबाईल-किरकोळ 50
- शिल्लक 750. दिरहॅम 22 रुपयांचा धरला तर 16,500 रुपये

आता सावकाराकडून दीड लाख शेकडा तीननं काढले, तर महिन्याचं नुसतं व्याज 4,500. हातात राहिले 12,000. घरखर्चाला काहीच पाठवलं नाही तरी मुद्दल फिटायला वर्षभर लागेल. एवढे पैसे कुपवाडच्या एमआयडीसीत मिळत असतील, तर जायचं की नाही याचा घरात बसून पुन्हा विचार करा. करारातला पगार आणि त्या दिवसाचा चलनाचा दर घालून स्वतःचा हिशोब करा. 22 हा नुसता उदाहरणाचा आकडा आहे.

एजंटाला किती द्यायचे? कायद्यानं सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 35,400. त्याच्यापेक्षा जास्त मागणं गुन्हा आहे. 'व्हिसाचे पैसे' म्हणून लाख-दीड लाख मागतात ते कशाचे? अमिराती आणि सौदीच्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाचा असतो. सौदीत इकामाची, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याची फीसुद्धा मालकच भरतो.

टप्पा 6: मेडिकल, व्हिसा, आणि मग पैसे

करारानंतर अधिकृत मेडिकल. आखाती देशांसाठी वाफिद या पोर्टलवरून स्लिप काढायची. पूर्वी याला गामका म्हणत. केंद्र पोर्टलच ठरवून देतं. कतारचं वेगळं आहे. तिथं मुंबईसह काही शहरांत कतार व्हिसा सेंटर आहेत. मेडिकल, बोटांचे ठसे आणि कराराची सही तिथंच होते. त्या वेळी स्क्रीनवर दिसणारा पगार आणि एजंटानं दाखवलेला पगार वेगळा निघाला, तर तिथंच नकार द्या. नकार देण्याची ती शेवटची आणि सगळ्यात सोपी जागा आहे.

सौदीला जाणाऱ्या बऱ्याच कुशल कामांसाठी आता भारतातच कौशल्य चाचणी द्यावी लागते. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांनी आपल्या ट्रेडला ती लागू आहे का, ते आधी विचारून ठेवा.

व्हिसा स्टॅम्पिंगला पासपोर्ट द्यावा लागतो. तेव्हा लेखी पोहोच घ्या: पासपोर्ट नंबर, तारीख, कशासाठी घेतला, ऑफिसचा शिक्का. व्हिसा आला की तीन गोष्टी बघा:

1. प्रकार. 'एम्प्लॉयमेंट' किंवा 'वर्क' असं आहे का? 'व्हिजिट' किंवा 'टूरिस्ट' असेल तर जाऊ नका. 'तिथं गेल्यावर बदलून देतो' यावर निघालेल्या माणसाच्या हातात ना करार असतो, ना विमा, ना कुठली नोंद.
2. मालकाचं नाव करारातल्या नावाशी जुळतं का?
3. पद करारातलंच आहे का?

तिन्ही जुळलं की सेवाशुल्क द्या. चेकनं किंवा कंपनीच्या बँक खात्यावर, आणि पावतीवर पूर्ण रक्कम. कुणाच्या खासगी खात्यावर किंवा यूपीआयवर नाही.

टप्पा 7: क्लिअरन्स आणि विमा

ईसीआरवाल्यांची क्लिअरन्स ई-मायग्रेटवरून निघते. सरकारी फी 200 रुपये. त्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे: दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास 10 लाखांचं संरक्षण. वारसाचं नाव आधारप्रमाणे बिनचूक लिहा आणि पॉलिसीचा कागद घरी ठेवा. ही पॉलिसी माणसाबरोबर परदेशात जाते, ट्रंकेत पडते आणि प्रसंग आला की घरच्यांना तिचा नंबरही सांगता येत नाही.

ईसीआर नसलेल्यांनीही पोर्टलवर स्वेच्छेनं नोंद करावी. जाण्याआधीचं एक दिवसाचं सरकारी प्रशिक्षण मोफत असतं. ते करूनच निघा.

विमानतळावर 'सेटिंग आहे, अमुक काउंटरवर जा' असं एजंट सांगत असेल, तर कागदात खोट आहे एवढं ओळखा.

टप्पा 8: बॅग

घरचा कांदा-लसूण मसाला. आई प्रेमानं किलोभर बांधून देते आणि आपल्याकडं पुष्कळ घरांत त्यात खसखस असते. अमिराती, सौदी, कतारमध्ये खसखस अमली पदार्थांत धरतात. तिच्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा कुटून घ्या. अनारसेही नकोत, त्यांच्यावर खसखस लावलेलीच असते.

गुटखा, मावा, पान घरीच ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या तिथल्या परवानगीशिवाय नेऊ नका. शुगर-बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. आणि विमानतळावर 'माझ्या भावाला एवढी पिशवी द्या' म्हणणारा कुणीही असो, पिशवी घेऊ नका. आत काय आहे याला जबाबदार तुम्ही ठरता.

टप्पा 9: उतरल्यावरचे पहिले काही आठवडे

- नवा करार समोर ठेवला आणि पगार कमी दिसला, तर सही करू नका. फोटो काढा आणि वकिलातीला कळवा.
- ओळखपत्र, म्हणजे सौदीत इकामा आणि अमिरातीत एमिरेट्स आयडी, वेळेत काढून मागा. ते नसेल तर रस्त्यावर पोलिसांनी विचारल्यावर तुम्ही बेकायदा ठरता.
- पगार बँकेतून घ्या. रोख घेतला तर पुरावा उरत नाही.
- रोजचे कामाचे तास एका छोट्या वहीत लिहा. तक्रारीच्या वेळी ही वही कामाला येते.
- उन्हाळ्यात दुपारचं उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर, दुपारी 12.30 ते 3. कतारमध्ये 1 जूनपासून, सकाळी 10 ते 3.30.

> थांबा: पगार थकला म्हणून खोली सोडून पळू नका. सौदीत मालक 'हुरूब', म्हणजे पळून गेल्याची नोंद करतो आणि मग उलट तुम्हीच गुन्हेगार ठरता. आधी तिथल्या कामगार खात्यात तक्रार, सोबत वकिलातीला अर्ज.

मदतीचे रस्ते: भारतातून प्रवासी भारतीय सहायता केंद्र, टोल फ्री 1800 11 3090. अमिरातीतून 800 46342. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरचे लोकही इथं बसून तक्रार टाकू शकतात. अडकलेल्या माणसाची तात्पुरती सोय, परतीचं तिकीट, पार्थिव आणणं यासाठी वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. तो अर्ज करून मागावा लागतो.

इथंच फसवणूक झाली तर

पैसे घेऊन एजंट गायब झाला की पहिले आठ दिवस लोक त्याच्या घरी खेपा घालण्यात घालवतात. तेवढ्यात मेसेज डिलीट होतात. आधी व्हॉट्सॲपचं बोलणं, पैसे पाठवल्याचे पुरावे, जाहिरात आणि पावती यांच्या प्रती काढा. मग पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या. त्यात एमिग्रेशन कायद्याची कलमं 10 आणि 24 आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 318 यांचा उल्लेख करा. पोहोच घेतल्याशिवाय हलू नका. गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं जिल्हा पोलिस अधीक्षकांना पाठवा. एक प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी कामाला जाणाऱ्यांचं हित बघणाऱ्या सरकारी) कार्यालयाला आणि तक्रार ई-मायग्रेटवरही टाका. चार पोरं एकाच एजंटाकडं फसली असतील तर अर्ज चौघांनी वेगवेगळे द्यावेत. एकानं घरी बसून मिटवून घेतलं तरी बाकीच्या तिघांचे अर्ज तसेच राहतात.

घरी ठेवायची फाइल

पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा, एजंटाची पावती, मालकाचा पत्ता आणि फोन, खोलीचा पत्ता आणि तिथल्या एका गाववाल्याचा नंबर. यातली एक प्रत बायकोकडं किंवा आईकडं, दुसरी भावाकडं. सातबारा आणि बँकेच्या कामासाठी मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर कामापुरतंच द्या, जमीन विकण्याचा अधिकार त्यात घालू नका. बँकेला परदेशी जात असल्याचं कळवून खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयाचं, करून घ्या. पैसे पाठवताना बँक किंवा अधिकृत एक्स्चेंज वापरा. हुंडीवाला दोन पैसे जास्त देतो, पण पैसे बुडाले तर तक्रार करायला जागा नसते.